स्पूल टेप रेकॉर्डर मोजून कसा लावावा: आधी प्लेबॅक, मग रेकॉर्डिंग

माळ्यावरचा स्पूल रेकॉर्डर खाली काढला, टेप ओवली, आवाज आला, की बहुतेक जण यंत्र ठीक आहे असेच धरून चालतात. पण आवाज येणे वेगळे आणि टेपवर जे आहे ते सगळे येणे वेगळे. हेड (टेपवरचे चुंबकीय ठसे वाचणारा किंवा उमटवणारा भाग) किंचित तिरके असले, इक्वलायझेशनचे, म्हणजे वरच्या-खालच्या स्वरांचा समतोल राखणारे, प्रीसेट (पेचकसाने फिरवायचे आतले छोटे नियंत्रक) सरकलेले असले, गती एक टक्का जास्त असली, तरी गाणे ऐकू येतेच. फक्त तंबोऱ्याची जवारी बुजते, टाळांची किणकिण मरते, गायकाचा षड्ज थोडा वर चढतो. मूळ आवाज तुलनेला समोर नसतो, त्यामुळे हे हरवलेले कुणाच्या लक्षातही येत नाही. घरातले जुने कीर्तन, गावच्या नाटकाची तालीम किंवा दिवाणखान्यातली मैफल संगणकावर उतरवून घेताना ही चूक कायमची होते, कारण ती टेप पुढच्या वेळी चालवण्याच्या स्थितीत असेलच याची खात्री नसते. म्हणून आधी यंत्र मोजा, लावा, आणि मगच जपून ठेवलेली टेप त्याच्यावर चढवा.

उदाहरणासाठी मी रेव्हॉक्स बी-७७ हे यंत्र धरले आहे. स्वित्झर्लंडच्या स्टुडर घराण्यातले हे यंत्र १९७७ मध्ये आले. तीन मोटर, तीन हेड, कॅप्स्टनची, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याची, गती विजेच्या ५० हर्ट्झवर अवलंबून नाही, आणि सर्व्हिस मॅन्युअल नेटवर मिळते, म्हणून शिकायला हे उत्तम. तुमच्याकडे अकाई, टिअॅक, सोनी किंवा ओटारी असेल तर स्क्रू आणि प्रीसेट वेगळ्या जागी असतील, पण कामाचा क्रम हाच राहील. तीन हेडच्या यंत्रात रेकॉर्ड होत असतानाच पुढच्या हेडवरून ते ऐकता आणि मोजता येते. दोन हेडच्या यंत्रात दर वेळी रेकॉर्ड करून, मागे नेऊन, वाजवून पाहावे लागते. जमते, वेळ मात्र खूप जातो.

क्रम एवढा महत्त्वाचा का, ते आधी सांगतो. रेकॉर्डिंग बरोबर झाले की नाही हे आपण प्लेबॅकवरूनच ठरवतो. प्लेबॅकच चुकलेला असेल तर रेकॉर्डिंगचे प्रीसेट फिरवून आपण एका चुकीवर दुसरी उलटी चूक बसवतो. त्या यंत्रावर रेकॉर्ड केलेले त्याच यंत्रावर छान वाजते, दुसरीकडे नेले की बिघडते. म्हणून प्लेबॅक बाहेरच्या प्रमाणाशी जुळवायचा, आणि ते प्रमाण म्हणजे कॅलिब्रेशन टेप. दुकानातल्या तराजूला वजनमापे खात्याच्या शिक्क्याचे वजन लागते, तशी ही टेप. एकदा प्लेबॅक लागला की त्याला हात लावायचा नाही, आणि रेकॉर्डिंग त्याच्याशी जुळवायचे.

काय काय जमवावे

सगळ्यात महाग वस्तू कॅलिब्रेशन टेप. अमेरिकेतल्या मॅग्नेटिक रेफरन्स लॅबोरेटरीच्या, म्हणजे एमआरएलच्या टेप अनेक स्टुडिओंत वापरल्या जातात. या टेपवर ठरलेल्या चुंबकीय पातळीचे वेगवेगळ्या वारंवारतांचे सूर मोजून रेकॉर्ड केलेले असतात. मित्राच्या टेपची नक्कल करून पैसे वाचवू नका. ज्या यंत्रावर नक्कल कराल त्याच्या सगळ्या चुका तिच्यात उतरतात, आणि मग ती टेप प्रमाण राहत नाही.

मोजमापासाठी पूर्वी सिग्नल जनरेटर, एसी मिलिव्होल्टमीटर, सीआरओ (लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र), डिस्टॉर्शन मीटर आणि वॉव-फ्लटर (गतीची हिंदकळ) मीटर अशी रांग लागायची. इंग्लंडच्या फेरोग्राफ कंपनीने यातली बरीचशी कामे आरटीएस-२ नावाच्या एकाच पेटीत आणली होती. ही जुनी उपकरणे चालू स्थितीत मिळाली तर जरूर घ्या. नाही मिळाली तर एक चांगले यूएसबी साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यूसारखे मोफत सॉफ्टवेअर यांवर नवख्याचे जवळजवळ सगळे काम होते.

फक्त साउंड कार्डाला आधी व्होल्ट शिकवावे लागतात. संगणकावरून ४०० हर्ट्झचा सूर काढा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून आउटपुट ०.७७५ व्होल्ट होईपर्यंत पातळी जुळवा. हे झाले शून्य डीबीयू. आता तोच सूर कार्डाच्या इनपुटला द्या आणि पडद्यावर किती डेसिबल दिसतात ते लिहून ठेवा. नंतर इनपुटच्या गेनचे बटण हलवू नका. हलण्याची भीती असेल तर चिकटपट्टी लावा. ४०० हर्ट्झच का? कारण स्वस्तातला मल्टिमीटर त्याच्या बराच वर गेला की चुकीचे आकडे दाखवू लागतो. १० किलोहर्ट्झ त्याच्यावर कधीच मोजू नका.

त्यानंतर कार्डाचे आउटपुट थेट त्याच्याच इनपुटला जोडून त्याचा स्वतःचा आलेख, गोंगाट आणि डिस्टॉर्शन मोजून घ्या. हे आकडे हाताशी नसतील तर कार्डाचा दोष यंत्राच्या माथी मारला जातो. लॅपटॉपचा अडॅप्टर काढून बॅटरीवर मोजणे चांगले. अर्थिंगमुळे येणारी गुणगुण त्याने बऱ्याचदा जाते.

बाकीचे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधता येते: शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, प्रीसेटसाठी प्लॅस्टिकचा पेचकस, शिल्डेड वायरी. डिमॅग्नेटायझर (हेडमध्ये साचलेले चुंबकत्व काढणारे साधन) आणि ज्यावर तुम्ही रेकॉर्ड करणार आहात त्या जातीची कोरी टेप वेगळी मिळवावी लागेल. आणि एक वही हवी.

स्क्रूला हात लावण्याआधी

झाकण उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढा. आत २३० व्होल्ट आहेत, आणि मोटरचे कपॅसिटर, मेन स्विचचे टर्मिनल उघडे असू शकतात. जुन्या रेव्हॉक्समध्ये मेन्सच्या बाजूचे पारदर्शक पिवळसर आवरणाचे रिफा कपॅसिटर तडकलेले दिसले तर आधी ते बदला. ते धूर काढून जातात, आणि बहुधा यंत्र चालू ठेवून आपण दुसऱ्या खोलीत गेलेलो असतो तेव्हाच. विजेच्या कामाचा सराव नसेल तर एवढा भाग तंत्रज्ञाकडून करून घ्या.

मग सफाई. हेड, टेपचे मार्गदर्शक खांब, कॅप्स्टन हे सगळे अल्कोहोलने, काडीवर तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत पुसा. पिंच रोलरच्या, म्हणजे टेप कॅप्स्टनवर दाबणाऱ्या चाकाच्या, रबराला साबणाचे सौम्य पाणी पुरते. अल्कोहोलने रबर हळूहळू कडक होते असा माझा अनुभव आहे, म्हणून मी टाळतो. हेड बोटाच्या नखाने चाचपा. टेप घासून पडलेला खाचेचा काठ नखाला अडकत असेल तर हेड झिजलेले आहे, आणि प्रीसेट फिरवून ती झीज भरून निघणार नाही.

डिमॅग्नेटायझर वापरताना यंत्र बंद हवे आणि सगळ्या टेप, विशेषतः कॅलिब्रेशन टेप, हातभर नव्हे तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. डिमॅग्नेटायझर यंत्रापासून दूर धरून चालू करा, हेडजवळ सावकाश न्या, हळू फिरवा, तितक्याच सावकाश हातभर मागे घ्या आणि मगच बंद करा. हेडजवळ असताना वीज गेली किंवा बटण सुटले, तर हेड होते त्यापेक्षा जास्त चुंबकित होते. पुन्हा पहिल्यापासून करा.

यानंतर एक कोरी, टाकाऊ टेप चालवून पाहा. ती खांबांवर वरखाली सरकते का, कड दुमडते का, थांबताना झोल पडतो का? टेपचा मार्ग आणि ताण नीट नसेल तर पुढची सगळी मापे डळमळीत येतील. कॅलिब्रेशन टेप अशा यंत्रावर लावणे म्हणजे ती गमावणे.

आता वहीचे काम. यंत्र आहे तसे मोजा: कोणत्या वारंवारतेला डाव्या-उजव्या चॅनेलवर किती डेसिबल येतात ते सगळे लिहा. प्रत्येक प्रीसेटचा आणि हेडच्या स्क्रूचा फोटो काढा. या पायरीला कंटाळून पुढे जाणारे बरेच असतात. काही बिघडले तर परत कुठे यायचे हे फक्त ही नोंद सांगते, आणि बऱ्याचदा तीच दाखवते की एकच चॅनेल हलला आहे, दुसऱ्याला हात लावायची गरजच नाही. जुन्या बी-७७ मधले प्रीसेट गंजून मध्येच संपर्क सोडतात. तसे दिसले तर नोंद झाल्यावर ते बदलून टाका. नुसते फिरवून आलेला आकडा महिनाभरही टिकत नाही.

टेपच्या लेबलवरचे तीन आकडे

कॅलिब्रेशन टेपवर गती, इक्वलायझेशन आणि पातळी लिहिलेली असते. तिन्ही समजल्याशिवाय टेप लावू नका.

गती सोपी आहे: सेकंदाला १९.०५ किंवा ३८.१ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बोलण्यातले साडेसात आणि पंधरा इंच. प्रत्येक गतीला वेगळी टेप लागते.

इक्वलायझेशन म्हणजे टेपवर वरच्या आणि खालच्या स्वरांची चुंबकीय पातळी कशी उतरत किंवा चढत जावी याचा ठराव. अमेरिकी एनएबी ठरावात दोन्ही गतींना ५० आणि ३१८० मायक्रोसेकंद. युरोपीय आयईसी ठरावात ३८ च्या गतीला ३५ आणि १९ च्या गतीला ७० मायक्रोसेकंद, आणि खालच्या स्वरांसाठी वेगळी वाढ नाही. हे आकडे कोरडे वाटतात, पण कानाला ते स्पष्ट कळतात. एनएबीच्या यंत्रावर ३८ च्या गतीची आयईसी टेप लावली तर १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १० किलोहर्ट्झ सुमारे अडीच डेसिबल जास्त येतो, आवाज चरचरीत होतो. तेच १९ च्या गतीला केले तर साधारण तितकाच कमी येतो, आवाज बसतो. आणि दोन्हीकडे ५० हर्ट्झला ३ डेसिबलची घट. म्हणजे ठराव न पाहता यंत्र लावत बसलात, तर निर्दोष यंत्राला दोष देऊन बिघडवाल. बी-७७ बहुतेक ठिकाणी एनएबीवरच मिळते, तरी आपल्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये खात्री करा.

पातळी नॅनोवेबर प्रति मीटरमध्ये असते: १८५, २००, २५०, ३२० वगैरे. बी-७७ मध्ये शून्य व्हीयू, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काट्यावरचे शून्य, २५७ ला असते. तुमची टेप २५० ची असेल तर तिचा सूर पाव डेसिबल कमी दिसला पाहिजे, १८५ ची असेल तर २.८५ डेसिबल कमी, ३२० ची असेल तर १.९ डेसिबल जास्त. हा हिशेब टेप लावण्याआधी वहीत करून ठेवा.

प्लेबॅक

पहिले काम अॅझिमथ, म्हणजे प्लेबॅक हेडची फट टेपच्या चालीला अचूक काटकोनात आणणे. १९ च्या गतीला १६ किलोहर्ट्झच्या सुराची टेपवरची लांबी जेमतेम १२ मायक्रोमीटर असते. एवढ्या बारीक रेघा वाचायच्या तर फट थोडीही तिरकी चालत नाही.

दोन्ही चॅनेल सीआरओच्या एक्स आणि वाय इनपुटला द्या, किंवा सॉफ्टवेअरमध्ये तशीच आकृती उघडा. दोन्ही सूर एकाच फेजमध्ये असले की ४५ अंशांची उजवीकडे चढणारी सरळ रेघ दिसते, थोडा फरक असला की लंबवर्तुळ, ९० अंशांना वर्तुळ. सुरुवात १ किलोहर्ट्झपासूनच करा. थेट १६ वर गेलात तर पूर्ण ३६० अंश चुकलेली जागाही सरळ रेघच दाखवते, आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी खूश होऊन थांबता. आधी १ वर रेघ, मग १० वर, मग टेपवर जो सगळ्यात वरचा सूर आहे त्यावर. प्रत्येक टप्प्यावर स्क्रू कमी कमी फिरावा. एका टप्प्यावर पाव आटा फिरवूनही रेघ जमत नसेल, तर थांबा आणि हेड सैल तर नाही ना, टेप नीट बसली आहे ना, ते पाहा.

आकृती पाहण्याची सोय नसेल तर दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो बेरीज मोजा. बरोबर जागी बेरीज एका चॅनेलपेक्षा ६ डेसिबल वर असते, ९० अंशांच्या फरकाला ३. वरच्या सुरावर रेघ थरथरते, स्थिर राहत नाही, त्याने घाबरू नका. टेप चालताना किंचित डुलतेच. थरथरीचा मध्य सरळ असला की पुरे. मात्र थरथर खूप असेल तर पुन्हा टेपच्या मार्गाकडे वळा.

हेडला अॅझिमथशिवाय उंचीचे आणि पुढेमागे कलण्याचेही स्क्रू असतात. नवख्याने त्यांना हात लावू नये. ते कारखान्यात बसवलेले असतात आणि एकदा हलले की परत आणायला वेगळी साधने लागतात. कोणता स्क्रू कशाचा, हे मॅन्युअलच्या चित्रावरून दोनदा ताडून पाहा.

आता पातळी. टेपवरचा १ किलोहर्ट्झ वाजवा आणि लाइन आउटपुटवर हिशेबाप्रमाणे व्होल्ट येईपर्यंत प्लेबॅक लेव्हलचे प्रीसेट फिरवा. यंत्राच्या काट्यांवर विश्वास ठेवून हे करू नका. आधी आउटपुट मीटरने लावा, मग काटे त्याला जुळवा. समोरच्या आवाजाच्या नॉबची जागा मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तिथेच हवी, नाहीतर सगळी मापे त्याच्यासोबत सरकतील.

मग इक्वलायझेशन. १० किलोहर्ट्झचा सूर १ किलोहर्ट्झच्या बरोबरीने यावा असे प्रीसेट लावा. टेपवरचे हे सूर बऱ्याचदा संदर्भ पातळीपेक्षा १० किंवा २० डेसिबल खाली रेकॉर्ड केलेले असतात, लेबल पाहा. नंतर सगळे सूर क्रमाने वाजवून आलेख लिहा. वर १५-१६ किलोहर्ट्झला एखाद-दीड डेसिबलची घट जुन्या हेडला माफ आहे. ती भरून काढायला १० किलोहर्ट्झ वर उचलू नका. पखवाजाच्या चाटेपासून श्रोत्याच्या कानापर्यंत जे काही पोचते त्यात १६ पेक्षा १० चे वजन जास्त आहे.

खालच्या स्वरांत एक सापळा आहे, आणि त्यात बरेच जण सापडतात. कॅलिब्रेशन टेपवर सूर बहुधा टेपच्या पूर्ण रुंदीवर असतो, तुमचे हेड मात्र फक्त आपल्या पट्ट्या वाचते. लांब लहरींच्या बाबतीत हेड आपल्या पट्टीच्या बाहेरचेही थोडे उचलते, म्हणून १०० हर्ट्झ आणि त्याखाली आकडे खोटे वर येतात. टेप बनवणारे यासाठी दुरुस्तीचे आकडे देतात, ते वजा करा. खालच्या स्वरांचे प्रीसेट ज्या यंत्रात असते, तिथे ते कॅलिब्रेशन टेपवरून लावण्याऐवजी पुढे रेकॉर्डिंग करताना स्वतः रेकॉर्ड केलेल्या सुरावर लावणे मला जास्त खात्रीचे वाटते. खाली आलेखात एक-दोन लाटा दिसतील, त्या हेडच्या आकाराने येतात आणि कोणत्याही प्रीसेटने जात नाहीत.

प्लेबॅक लागला. कॅलिब्रेशन टेप काढा, दूर ठेवा.

रेकॉर्डिंग आणि बायस

कोरी टेप चढवा, जनरेटरचा १० किलोहर्ट्झ शून्य व्हीयूपेक्षा २० डेसिबल खाली द्या आणि रेकॉर्ड चालू करून प्लेबॅक हेडवरून पाहत रेकॉर्ड हेडचा अॅझिमथ लावा. पद्धत तीच: खालच्या सुरापासून वर. २० डेसिबल खाली यासाठी, की वरच्या स्वरांना टेप लवकर भरते, आणि भरलेल्या टेपवर घेतलेले माप काही कामाचे नसते.

मग बायस. टेपवर नुसता आवाज उमटवला तर तो फाटका उमटतो. त्याच्यासोबत कानाला न ऐकू येणारा फार वरचा विद्युतप्रवाह दिला की तो सरळ उमटतो. जर्मन रेडिओतल्या वॉल्टर वेबर आणि हान्स-योआखिम फॉन ब्राउनम्यूल यांनी १९४० मध्ये हे साधले, आणि टेपवरचे संगीत ऐकण्याजोगे झाले ते तेव्हापासून. बायस कमी पडला तर आवाज चकचकीत पण खरखरीत, डिस्टॉर्शन जास्त. वाजवीपेक्षा जास्त झाला तर वरचे स्वर दबतात.

लावायची रीत अशी. १० किलोहर्ट्झ रेकॉर्ड करत बायसचे प्रीसेट कमीकडून वाढवत न्या. प्लेबॅकची पातळी वाढत जाईल, शिखर गाठेल, मग उतरू लागेल. शिखराचा आकडा लिहा आणि बायस आणखी वाढवत पातळी शिखरापासून ठरावीक डेसिबल खाली आणा. किती खाली, हे टेपच्या माहितीपत्रकात त्या गतीला आणि हेडच्या फटीला धरून दिलेले असते. ३८ च्या गतीला स्टुडिओच्या टेपवर साधारण ३ डेसिबल आणि १९ च्या गतीला त्याच्या दुप्पट, हा ढोबळ अंदाज. पत्रक मिळत असेल तर अंदाजाने चालू नका. रेकॉर्ड हेडपासून प्लेबॅक हेडपर्यंत टेप पोचायला क्षणभर लागतो, म्हणून प्रीसेट थोडे फिरवा, थांबा, आकडा पाहा. घाईने फिरवणाऱ्याला शिखर कधीच नीट सापडत नाही.

टेपची जात अगदीच कळत नसेल तर १ किलोहर्ट्झवर शिखर शोधा आणि त्यापुढे पातळी अर्धा डेसिबल उतरेपर्यंत जा. त्या टेपला हे बहुतेक वेळा मानवते.

दोन्ही चॅनेल, दोन्ही गती वेगवेगळ्या लावाव्या लागतात. त्यानंतर १ किलोहर्ट्झ शून्य व्हीयूला देऊन रेकॉर्ड लेव्हल अशी लावा, की यंत्र इनपुटवर असो वा टेपवर, आउटपुटला तोच आकडा येईल. पुढे रेकॉर्डचे इक्वलायझेशन, पुन्हा २० डेसिबल खाली, १० आणि १५ किलोहर्ट्झवर. ही तिन्ही प्रीसेट एकमेकांना हलवतात, म्हणून बायस-लेव्हल-इक्वलायझेशन ही फेरी आकडे जागचे हलेनासे होईपर्यंत करा. आणि रेकॉर्डचा आलेख चुकला म्हणून प्लेबॅकच्या प्रीसेटकडे हात जात असेल, तर तो मागे घ्या.

लावल्यानंतरच्या चाचण्या

*गती.* कॅलिब्रेशन टेपवर ३१५० किंवा ३००० हर्ट्झचा सूर असतो. तो वाजवून वारंवारता मोजा. ३१५० च्या जागी ३१५३ आले तर फरक साधारण ०.१ टक्का. बी-७७ साठी ०.२ टक्क्यापर्यंत ठीक. एक टक्का चूक म्हणजे सुमारे १७ सेंट. तंबोऱ्याला कान लावून बसणाऱ्याला ती जाणवते, आणि गायकाचा स्वर कोणता होता यावर पुढे वाद घालणाऱ्याला ती फसवते.

*वॉव आणि फ्लटर.* गती सरासरीने बरोबर असूनही आतल्या आत हिंदकळते, तिचे हे माप. बी-७७ ला १९ च्या गतीवर ०.०८ टक्का आणि ३८ वर ०.०६ टक्का ही कंपनीची कमाल मर्यादा. स्वतः रेकॉर्ड करून लगेच मोजाल तर फसाल, कारण रेकॉर्डची हिंदकळ आणि प्लेबॅकची हिंदकळ कधी एकमेकींत मिळते, कधी एकमेकींना खोडते. कॅलिब्रेशन टेपवर मोजा, किंवा तेच रेकॉर्डिंग मागे नेऊन वेगवेगळ्या जागांपासून वाजवून सगळ्यात वाईट आकडा धरा. दोषाचे मूळ हिंदकळीच्या वारंवारतेवरून सापडते. टेपची गती भागिले चाकाचा परीघ: अडीच सेंटिमीटर व्यासाचा रोलर १९ च्या गतीला सेकंदाला सुमारे २.४ वेळा फिरतो. हिंदकळ तिथेच दिसली तर रोलर बदलायचा, मोटरकडे बघायचेही नाही.

*गुणगुण आणि गोंगाट.* इनपुटला काही न देता कोरी टेप रेकॉर्ड करून तिचा स्पेक्ट्रम पाहा. ५० आणि १५० हर्ट्झ उंच असतील तर ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरचे चुंबकीय क्षेत्र हेडमध्ये शिरते आहे, नाहीतर अर्थिंगचा घोळ आहे. १०० हर्ट्झ उंच असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकले आहेत. ही एक चाचणी शिकून घ्या. कितीतरी तासांची शोधाशोध वाचते.

*डिस्टॉर्शन.* १ किलोहर्ट्झ शून्य व्हीयूला रेकॉर्ड करा आणि तिसरा हार्मोनिक, म्हणजे ३ किलोहर्ट्झ, पाहा. मग पातळी वाढवत तो ३ टक्क्यांवर कुठे पोचतो ते नोंदवा. ती त्या टेपची वरची हद्द. दुसरा हार्मोनिक जास्त दिसला तर तो टेपचा स्वभाव नव्हे. हेड चुंबकित आहे, किंवा बायसची लहर वाकडी आहे, किंवा अॅम्प्लिफायरमध्ये दोष आहे. आधी पुन्हा डिमॅग्नेटाइझ करून पाहा.

जुन्या टेपशी गाठ पडते तेव्हा

यंत्र प्रमाणाला लागले, पण समोरची टेप ज्या यंत्रावर भरली गेली ते प्रमाणाला होते असे नाही. घरगुती टेपच्या बाबतीत बहुधा नसतेच. अशा वेळी प्लेबॅक हेडचा अॅझिमथ त्या टेपपुरता बदलणे योग्य, किंबहुना आवश्यक आहे. स्टुडिओच्या टेपच्या सुरुवातीला सूर भरलेले असतील तर त्यांवर लावा. नसतील तर मोनो करून ऐका आणि ‘स’, ‘श’ सगळ्यात स्पष्ट येतील तिथे थांबा. स्क्रू मूळ जागेपासून कुठे आणि किती नेला ते लिहा, काम झाल्यावर कॅलिब्रेशन टेपने परत आणा. इक्वलायझेशन मात्र यंत्रात बदलू नका. ठराव वेगळा निघाला तर ती दुरुस्ती उतरवून घेतल्यानंतर संगणकात करता येते. टेपला उलट्या आवाजाची कुजबुज येत असेल तर ती बहुधा चार ट्रॅकची, म्हणजे दोन्ही दिशांनी भरलेली आहे, तिला तसेच हेड असलेले यंत्र शोधा.

टेप चालताना किंचाळते, हेडवर चिकट तपकिरी थर सोडते, तर ताबडतोब थांबवा. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही जातींचे, अँपेक्स ४५६ चे तर प्रसिद्धच, बंधक द्रव्य हवेतला ओलावा धरून मऊ होते. ठरावीक कमी तापमानावर तासन्‌तास भाजून ती काही काळ चालण्याजोगी होते, पण हे काम ज्यांनी केलेले आहे त्यांच्याकडेच द्या. घरच्या ओव्हनमध्ये मुळीच नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली तरी यंत्रावर चढवू नका. ती सगळ्या मार्गावर पसरते आणि बीजाणू श्वासात जातात.

कॅसेट डेकलाही क्रम हाच, आकडे वेगळे: गती ४.७६ सेंटिमीटर, साध्या टेपला १२० आणि क्रोम-मेटलला ७० मायक्रोसेकंद, डॉल्बीसाठी (कॅसेटची सरसर कमी करणारी पद्धत) पातळी मीटरला २०० नॅनोवेबर. १० किलोहर्ट्झची लहर तिथे पाच मायक्रोमीटरहूनही आखूड, त्यामुळे अॅझिमथची चूक स्पूलपेक्षा कितीतरी जास्त महागात पडते. डॉल्बीची कॅसेट अॅझिमथ चुकलेला असताना डॉल्बी लावून उतरवली, तर वरचे स्वर दुप्पट बुडतात. आधी अॅझिमथ, मग डॉल्बीचे बटण.

कॅलिब्रेशन टेप काम झाल्यावर जलद गुंडाळू नका. शेवटपर्यंत साध्या गतीने वाजू द्या आणि तशीच, शेवट बाहेर ठेवून, डब्यात उभी ठेवा. स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब. नेहमीच्या वापरात यंत्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे, प्रवास झाला किंवा हेडला धक्का लागला तर लगेच. रेकॉर्डिंगसाठी टेपची जात बदलली तर बायसपासून पुढची फेरी पुन्हा करावी लागते. प्लेबॅक तसाच राहतो. प्रत्येक वेळी तारीख, टेपची जात, गती आणि दोन्ही चॅनेलचे आकडे वहीत मागच्या नोंदीखाली लिहा, म्हणजे कोणता आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे ते दिसते आणि हेड किंवा कपॅसिटर बदलायची वेळ आधीच कळते.